उरलेलं पाणी

पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत एका चाचणीला लागायचं जेमतेम कपभर पाणी. बाटलीबंद पाणी विकणाऱ्या कंपनीकडून तपासायला आलेल्या बाटलीतलं बाकीचं मोरीत ओतायचं तिथे चाचण्या करणाऱ्या तिच्या अगदी जिवावर यायचं. घरी लेकीला दिवस गेलेले, आणि नळाला येणारं पाणी गढूळ. मग काय, गेले सहा महिने त्या उरलेल्या बाटल्या खांदा मोडेस्तोवर वाहत ती घरी न्यायची. "तू फक्त हेच प्यायचं," असा लेकीला दमच दिला होता तिने.

आज नवं मशीन बसलं. जुन्याला कधीच न दिसलेलं शिसं त्याने त्या बाटल्यांतल्या पाण्यात पहिल्याच फेरीत दाखवलं, मर्यादेच्या चौपट. तिने तीनदा तपासलं, पण आकडा हलेना. सहा महिने याच कंपनीच्या रिपोर्टवर 'पिण्यास योग्य' म्हणून तिचीच सही होती. शिसं पोटातल्या बाळाचं काय करतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिने घरी फोन लावला.

"त्या बाटल्यांतलं पाणी आता घोटभरही घेऊ नकोस!"

"चिडू नकोस हं आई," लेक चाचरत म्हणाली. "मी पहिल्यापासून नळाचंच पिते, गाळून, उकळून. तू किती दमतेस, चेहरा बघ कसा उतरलाय. म्हणून ते चांगलं पाणी मी रोज तुझ्याच थर्मासमध्ये भरते."



टेबलावरच्या अर्ध्या संपलेल्या थर्मासकडे बघत ती खुर्चीत टेकली, आणि तिला हायसं वाटलं.