पूर्वजांचा मान

ग्रीसमधल्या अपोलोच्या पडक्या देवळातून निघालेल्या एका पर्यटक म्हातारीच्या पर्समध्ये करंगळीएवढा संगमरवराचा तुकडा सापडला. पहारेकरी स्टामातिसने तिला सगळ्या रांगेसमोर झापलं, "अहो बाई, पूर्वज आहेत हे आमचे! लाज नाही वाटत?"

बिचारी रडत निघून गेली. तेवढ्यात स्टामातिसच्या मेहुण्याचा, पांतेलिसचा फोन आला.

"दाजी, तुमच्या पोरीच्या घराचा पाया खणताना अख्खी संगमरवरी मूर्ती निघालीय हो! म्युझियमला कळवू?"

स्टामातिस खांबाआड सरकला. "डोकं फिरलंय का तुझं? दहा वर्षं बांधकाम बंद पाडतील! कोणी पाहिली का?"

"नाही. पण दाजी, आपले पूर्वज..."

 

"घरचेच आहेत ना? समजून घेतील. ओत काँक्रीट!"