मोकळा ताबा

“भाडेकरू जाईन का पण?” उत्तमचंदांनी पुन्हा विचारलं.

“जाईन,” पुंजाजी म्हणाला.

कारंज्याच्या कापूस बाजारामागच्या बोळात, भर उन्हात तिघं उभी होती. वाशीमहून घर पाहायला आलेले उत्तमचंद शेठ, घराची मालकीण मनकर्णाबाई आणि दोघांच्या मधे पुंजाजी दलाल. मधे उभं राहण्यातच त्याचं आयुष्य गेलं होतं. आता गुडघे कुरकुरत होते आणि तोंडाला बोलण्याचा वीट आला होता.

उत्तमचंदांचं तरी काय चुकत होतं? वाशीमला त्यांनी असंच एक घर घेतलं होतं, आत माणूस असताना. खरेदीखत झालं, रजिस्ट्री झाली, आणि भाडेकरू काही हलेना. जर्मनीशी लढाई सुरू झाल्यापासून घरं मिळेनाशी झाली होती. एकदा बसलेला माणूस देवानं उठवला तरच उठायचा. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, उत्तमचंदांनी ती झिजवली होती. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

“मले मोकळा ताबा पाहिजे,” ते म्हणाले. “जमत नसन तर आत्ताच सांगा. मी मोटारीनं वापस जातो.”

मनकर्णाबाईनं पुंजाजीकडं पाहिलं. तिला नकार परवडणारा नव्हता. धनजला तिचं वावर होतं, दिराबरोबर सामाईक. दिरानं आपला हिस्सा परक्याला विकायचं ठरवलं होतं, आणि विहीर नेमकी त्याच हिश्श्यात. हिस्सेदाराचा हक्क पहिला, असं वकिलानं तिला सांगितलं होतं. पण हक्क नुसता तोंडानं सांगून भागत नाही, मुदतीत रक्कम भरावी लागते. मुदत येत्या पौर्णिमेला संपत होती. परका आला की विहीर गेली, आणि विहीर गेली की तिची संत्र्याची झाडं वाळली. हे घर विकलं तरच ते वावर वाचणार होतं.

पुंजाजीनं कनवटीची किल्ली काढून कुलूप उघडलं.

“किल्ली तुमच्यापाशी कशी?”

“दलालापाशी किल्ल्याच रायतात, शेठजी.”

चौकट बुटकी होती. पुंजाजी वाकून आत गेला. मागून उत्तमचंदांचं कपाळ चौकटीवर आपटलं आणि ते टोपी काढून चोळत बसले.

“हा घराचा पयला दोष,” पुंजाजी म्हणाला. “बाकीचेबी सांगून टाकतो. तो कोपरा पावसात गयते. मागचं दार फुगलं का लाथ मारा लागते. आडाचं पाणी मातर गोड हाय.”

दोष सांगणारा दलाल उत्तमचंदांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. त्यांचा चेहरा जरा सैल झाला. मग त्यांची नजर वलणीवरच्या लुगड्याकडं गेली. जुनं होतं, पण घडी नीट घातलेली होती.

“बाई हाय घरात?”

“होती. मागच्या साली गेली, याच खोलीत.” पुंजाजी आढ्याकडं बघत बोलत होता. “मनकर्णाबाई रात्र रात्र तिच्या उशाशी बसल्या. मालकीण असून.”

मनकर्णाबाईनं पदर तोंडाला लावला. “भाडेकरूचं मले लय वाईट वाटते, पुंजाजी. राहू द्या हे. दुसरं काई पाहू.”

“त्याचं त्याले वाटू द्या. तुमी वावर पाहा.”

उत्तमचंद खोलीभर फिरले, भिंत बोटानं ठोकून पाहिली, चुलीत वाकून पाहिलं. चूल सकाळी पेटलेली होती.

“माणूस कसा हाय?”

“म्हातारा हाय. एकटा. भांडखोर नाई.”

“तुमची चांगली ओळख दिसते.”

“सोबत लय वर्षांची हाय,” पुंजाजी म्हणाला. “ओळख आता होऊन राह्यली.”

“उठायचे काई द्या लागन का त्याले?”

किल्ली फुकट देऊ नका, हे गावातल्या कितीतरी भाडेकरूंना त्यानंच शिकवलं होतं. बसलेल्या माणसाच्या बुडालाही भाव असतो, आणि तो भाव पुंजाजीइतका कारंज्यात कुणाला ठाऊक नव्हता.

“नोका देऊ. त्याले देसान ते बाईच्या घराच्या किमतीतून कापसान.”

“मंग जाईन कुठं?”

एवढ्या वर्षांच्या दलालीत हा प्रश्न एकाही खरेदीदारानं विचारला नव्हता. पुंजाजीला तो माणूस एकदम आवडला, आणि आवडला याचाच थोडा राग आला.

“रिठदले भाची हाय. तिच्या ओसरीत राहीन.”

उत्तमचंदांनी मान हलवली. भाव ठरला. घासाघीस झालीच नाही म्हटलं तरी चालेल. पण घोडं अजून एका जागी अडलेलं होतं.

“तुमच्या शबदावर माहा भरोसा हाय, पण वाशीमच्या भाडेकरूनंबी शबदच देला होता. मले त्याची सही पाहिजे. ती आली का इसार आत्ता देतो, उद्या रजिस्ट्री.”

“घ्या ल्याहून.”

“तो कुठं हाय पण?”

“सहीले हजर राहीन.”

शेठजींनी ओसरीतल्या बाजेवर बैठक मारली, पिशवीतून कागद काढला आणि गुडघ्यावर ठेवून स्वतःच्याच हातानं लिहिलं, की मी खाली सही करणार, हे घर राजीखुशीनं सोडून मोकळा ताबा देत आहे, यापुढं माझा हक्क नाही. लिहिलेलं त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. मनकर्णाबाई आडाकडं गेली आणि तिकडंच तोंड करून उभी राहिली.

“नाव काय म्हाताऱ्याचं?”

पुंजाजी गुडघ्यावर हात टेकत त्यांच्या शेजारी बसला. किल्ली त्यानं कागदाजवळ ठेवली.

“ल्याहा,” तो म्हणाला. “पुंजाजी वल्द नानाजी.”