उजवा अंगठा

माणसाच्या देहात अंगठ्याइतका थोर अवयव दुसरा नाही. कल्याणला हे कळलं ते कारभारी नावाच्या चुलत्याने हुरड्याच्या आगटीतून बिडीसाठी निखारा उचलला त्या दिवशी.

चुलत्याला मूलबाळ नाही, सही येत नाही. विहिरीवरची दीड एकर जमीन कल्याणला बक्षीस द्यायचं त्याने नुकतंच कबूल केलं होतं. आणि आता उजव्या अंगठ्यावर हा टरारलेला फोड.

"फोड फोडायचा नाही," अंबडच्या गंधाली डॉक्टर म्हणाल्या. "मलमपट्टी करू. तीन आठवड्यांत आपोआप भरलं तर ठीक. नाहीतर मांडीची कातडी काढून बसवावी लागेल."

कल्याणने चुलत्याच्या मांडीकडे पाहिलं. "मंग मॅडम, ठसा कुणाचा उमटंल? अंगठ्याचा का मांडीचा?"

डॉक्टरांना हे शिकवलेलं नव्हतं.

कल्याणने नोंदणीसाठी बाविसाव्या दिवसाची वेळ घेतली आणि चुलत्याला आपल्या घरी आणलं. घास तो भरवायचा. आंघोळ तो घालायचा. पट्टी बदलताना श्वास रोखून बघायचा. आधी पिवळं, मग लाल, मग गुलाबी.

"तुझा जीव माझ्यात हाय का अंगठ्यात रं?" चुलता विचारायचा.

"अंगठा तुमचाच हाय की, काका."

दुसरा पुतण्या भुजंग डाळिंबं घेऊन आला की कल्याण दोघांच्या मधे बसायचा. फक्त चतुर्थीला भुजंग म्हणाला, "काकाला राजूरच्या गणपतीला नेतो. अंगठ्यासाठी नवस बोलू." अंगठ्यासाठी म्हटल्यावर कल्याणला नाही म्हणवेना. दोघं दिवेलागणीला प्रसाद घेऊन परतले.

विसाव्या दिवशी गुलाबी कातडीवर बारीक रेघा दिसल्या. त्या रात्री कल्याण तीन आठवड्यांत पहिल्यांदा झोपला.

बाविसाव्या दिवशी अंबडच्या नोंदणी कचेरीतल्या बाईंनी कागद पाहिला, मग चुलत्याकडे पाहिलं.

"आजोबा, परत आलात? ही जमीन तुम्ही चतुर्थीलाच भुजंगरावांच्या नावे केली ना?"

"काका!" कल्याण किंचाळला.

"आरं, वरडून राह्यला कशाला? भुजंग लईच मागं लागल्ता. मंग त्याला डावा देऊन टाकला. तुझ्यासाठी हा उजवा बराबर जपून ठिवला का न्हाई?"

चुलत्याने अंगठा वर धरला. त्यावर एक डागही नव्हता.

कचेरीत सगळ्यांचा डावाच अंगठा घेतात.