विलायती वैर

दातांचे डॉक्टर आणि त्यांचा मेहुणा, दोघांनाही जुनी विलायती छापचित्रं जमवायचा नाद. डॉक्टरांच्या दिवाणखान्यात घोड्यावर बसलेला राजा होता आणि मेहुण्याच्या भिंतीवर त्या राजाचं डोकं उडवायला लावणारा सेनापती. शेकडो वर्षांपूर्वीच्या त्या लढाईत बाजू कुणाची खरी, यावरून दोघांची अशी जुंपली की येणं-जाणं बंद झालं. लढले ते साहेब आणि माहेर तुटलं डॉक्टरीणबाईंचं.

दोन्ही चित्रांवरची धूळ कित्येकदा पुसलेल्या बाईंनी एका रविवारी राजाला भिंतीवरून उतरवलं, चादरीत गुंडाळलं आणि नवऱ्याला जवळजवळ ओढतच भावाकडे नेलं. दोन्ही चित्रं टेबलावर शेजारी ठेवली.

"घ्या भिंग. मुंडकं सोडून काही फरक दिसतो का, सांगा."

दोघं वाकले. तोच घोडा, तेच चिलखत, तेच बूट. राज्य बदललं तसं कारागिरानं छापायच्या तांब्याच्या पत्र्यावरचं जुनं डोकं घासून तिथे नवं कोरलं होतं आणि तेच चित्र पुन्हा विकलं होतं.

"याच्यासाठी माझं माहेर तोडलंत होय!" बाई म्हणाल्या.

दोघंही ओशाळले. डॉक्टरांना खुर्ची मिळाली, चहाचं आधण चढलं. बाईंचा जीव भांड्यात पडला.



तेवढ्यात मेहुणा हळूच म्हणाला, "पण भाऊजी, घोडा मुळात आमच्या सेनापतीचाच," आणि डॉक्टर चहा न घेताच उठले.