झब्बा झटकायची जागा

इजिप्तमधल्या अस्वानच्या कारखान्यात दिवसभर ग्रॅनाइट कापून शाझली घरी आला, की बायको नईमा त्याचा धुळीने पांढरा झालेला झब्बा गच्चीवर नेऊन झटकायची. त्याच वेळी शेजारचा सोभी आपल्या गच्चीवर कबुतरं उडवायचा. एकदा शाझलीला वरून तिचं हसणं ऐकू आलं.

"एक झब्बा झटकायला एवढा वेळ? की कबुतरं मोजत होतीस?"

"अहो, एक कबुतर सोभीच्याच डोक्यावर बसलं!"

"उद्यापासून घरातच झटकायचा. खिडकी लावून."

अकरा वर्षं नईमाने तसंच केलं. मग तिचा खोकला थांबेना. तिच्या छातीचा फोटो बघून डॉक्टर म्हणाले, "दगडाच्या धुळीने फुप्फुसं कडक झालीत. बाई कारखान्यात किती वर्षं होत्या?"



शाझली म्हणाला, "गच्चीवरसुद्धा जाऊ देत नव्हतो मी तिला."