नदीपासून पुन्हा

बाबांच्या डोळ्यांवर ऑपरेशननंतरची पट्टी होती, म्हणून त्यांची आवडती कादंबरी मुलगी वाचून दाखवत होती. ती स्वतः लेखिका होती, संपादकांना संध्याकाळपर्यंत तिच्या पुस्तकाचं नवं प्रकरण हवं होतं आणि वाचतानाही तिच्या हातातली पेन्सिल सुटत नव्हती. "थांब. नदीचं वर्णन कुठं गेलं?" बाबांनी विचारलं. "फार लांबलं होतं, बाबा. गाळलं." "अगं, वाचतेयस की भाजी निवडतेयस? ती पेन्सिल इकडे दे." तिनं ती त्यांच्या मुठीत ठेवली आणि नदीपासून पुन्हा सुरुवात केली. लहानपणी पुस्तकात डोकं असलं की तिला हाका ऐकू यायच्या नाहीत. तसाच आता संपादकांचा फोन तिच्या नकळत वाजून थांबला. काही पानांनंतर बाबा घोरू लागले. मूठ सैल झाली, पेन्सिल घरंगळून तिच्या पायाशी आली. तिनं ती उचलली, हळूच पुन्हा त्यांच्या मुठीत सरकवली आणि पुढचं पान उलटलं.