तीन ओळींची तक्रार

कल्पना करा, तुमच्या बाबांनी दोन वर्षं खपून कासवाचा एक कॉम्प्युटर गेम तयार केलाय आणि आज दुपारी त्याची एक आवृत्ती कायमची बंद व्हायची आहे. चिमणीच्या घरी नेमकं हेच चाललं होतं.

"शंभर गिऱ्हाइकांत लिनक्सवाले दोन," आत्या म्हणाली. गेम विकायचं काम तिच्याकडे होतं. "आणि निम्म्या तक्रारी त्यांच्याच! आपण दुकान काढलंय की दवाखाना?"

लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी एक निराळी प्रणाली. ती वापरणारे थोडे, आणि त्यांच्यासाठी गेम पुन्हा वेगळा जुळवावा लागे. बंद व्हायची होती ती हीच आवृत्ती.

"अगं, तक्रारी वाच तरी," बाबा म्हणाले. "बाकीचे 'चालत नाही' म्हणून मोकळे होतात. हे तीन ओळी लिहितात. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. कासव भिंतीतून आरपार जायचं ते यांच्यामुळेच कळलं. ती चूक सगळ्यांच्याच गेममध्ये होती!"

आत्या जरा नरमली. "अशी माणसं मिळत असतील, तर राहू दे चालू."

बाबा खुशीत पुढची तक्रार वाचू लागले आणि मध्येच थबकले. तीन ओळी. सायकल बिघडली की रडत बसू नये, तीन ओळींत सांगावं, हे त्यांनीच चिमणीला शिकवलं होतं.

त्यांचा चेहरा उतरला. आवृत्ती बंद पडून आपलं मन मोडू नये म्हणून पोरीने केवढा खटाटोप केला!

"नको," ते आत्याला म्हणाले. "बंदच करू."

मग त्यांनी चिमणीला जवळ बोलावलं. "खरं सांग हं. या तक्रारी तूच लिहिल्यास ना?"

चिमणीने मान खाली घातली. "हो."

"सगळ्या?"

"छे! पहिली एकच. इंटरनेटवर लिनक्सवाल्या खेळाडूंचं पान आहे ना, त्यावर. खाली लिहिलं, असं नीट सांगितलं की माझे बाबा लगेच दुरुस्त करतात."

"मग बाकीच्या चाळीस?" आत्याने विचारलं.

"मला काय माहीत कोण आहेत ते?" चिमणी म्हणाली. तिने बाबांच्या हातातला माऊस काढून घेतला आणि आत्ताच आलेली बेचाळिसावी तक्रार उघडली.